पिवळा ठिपकेवाला किडा दिसला की औषध मारायच्या आधी पान उलटून बघा

इंग्लंडात अलॉटमेंट (भाड्याने घेतलेला भाजीपाल्याचा तुकडा) किंवा घरामागे भाजीपाला करणाऱ्यांसाठी लिहितोय. जुलै संपत आला की कोर्जेट (झुकिनी), काकडी, भोपळ्याच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी (पांढरी बुरशी) चढते आणि तेव्हाच ज्वारीच्या दाण्याएवढा, 3-4 मिलिमीटरचा, लिंबासारखा पिवळाधमक किडा फिरताना दिसतो, पाठीवर 22 काळे ठिपके. ह्याला मारू नका.

हा ढालकिडाच (लेडीबर्ड), पण मावा खाणाऱ्यातला नाही. हा भुरीच खातो, ह्याची अळीपण भुरीच खाते. अळी, कोष, मोठा किडा, तिन्ही पिवळे आणि तिन्हींवर काळे ठिपके, त्यामुळे लोकांना वाटतं कसलीतरी नवीन कीड आली. मी स्वतः एकदा भुरीची पानं खुडून सरळ कंपोस्टच्या ढिगावर टाकली, नंतर एक उलटून बघितलं तर खाली पाच-सहा अळ्या आरामात चरतायत! आता आधी बघतो, अळ्या असल्या की ते पान राहू देतो. मोठा किडा बोटात धरलात तर पायाच्या सांध्यातून पिवळं पाणी सोडतो, ते पक्ष्यांना कडू लागावं म्हणून.

पण हा भुरी संपवेल अशी आशा ठेवू नका, भुरी त्याच्या खाण्यापेक्षा जोरात वाढते. तो दिसला म्हणजे भुरी आलीय एवढं समजायचं आणि खालची पानं तपासायची. मुळाशी कोरडं पडलं की भुरी जास्त येते, म्हणून पाणी बुडाशी भरपूर द्या. फवारायचंच असेल तर लेबलवर तुमचं पीक लिहिलंय का ते बघा.

गल्लत एकाच ठिकाणी होते. इथला 24 ठिपक्यांचा विटकरी असतो, अंगावर बारीक लव, तो पानंच खातो. गावाकडे वांग्याच्या पानांची जाळी करणारा 28 ठिपक्यांचा एपिलॅक्ना त्याच जातकुळीतला. उलट आपल्याकडे तुतीच्या नाहीतर वेलभाज्यांच्या भुरीवर पंखांवर ठिपके नसलेला पिवळा किडा दिसतो ना, इलिस, तो ह्या 22वाल्याचा भाऊबंद.

ऑक्टोबरात सगळं चकाचक करू नका. हे किडे गवताच्या बुडाशी, पालापाचोळ्यात थंडी काढतात, एप्रिलात ऊन पडलं की बाहेर येतात, तोवर कुंपणाकडचा एक कोपरा तसाच ठेवा, शेजारचे काय बोलायचं ते बोलोत.