नाट्यगीताच्या तबकडीतून हिप-हॉप बीट: सुरी नेमकी कुठे चालवायची

जुन्या तबकडीतला तुकडा उचलून बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारा ताल-सुरांचा साचा, बांधायला निघालेला प्रत्येकजण आधी विचारतो, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? कुठलंही घ्या, फुकटातलं घेतलं तरी चालेल. पैसे यंत्रावर घालवायच्या आधी कान तयार करा, कारण बीट बिघडतो तो कापण्यात.

तबकड्या घरातच शोधा. गोव्यात जत्रेला, शिगम्याला गावागावांत मराठी नाटकं होतात, त्यामुळे डिचोली, फोंडा, पेडण्याकडच्या माळ्यांवर नाट्यगीतांच्या रेकॉर्डी अजून सापडतात. आपल्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर भांड्यांचा साबण टाकून मऊ फडक्याने, खोबणीच्या दिशेनेच पुसा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी असेल तर तिला स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. तिला सुईही वेगळी, जाड टोकाची लागते. एलपीची सुई त्या रुंद खोबणीच्या तळाशी नुसती घासत राहते.

रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटला करा, आवाज लाल पट्टीत जाऊ देऊ नका. झालं.

तुकडा निवडताना गायकाच्या मागे लागू नका. दोन ओळींच्या मधे ऑर्गन आणि सारंगी जागा भरतात ना, खरा माल तिथे असतो. सुरुवात केरवा तालाने करा. आठ मात्रा म्हणजे हिप-हॉपचे चार-चार ठोक्यांचे दोन बार, अगदी चपखल बसतात. रूपकाच्या सात मात्रांशी पहिल्याच महिन्यात झुंजू नका.

आता कापणं. यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. शिकवणारे सगळे एकच सांगत होते: सॉफ्टवेअरला वेग ओळखू दे, मग तुकडा ताणून ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या समान चौकटींवर, बसव. मी आजोबांच्या ट्रंकेतली एक तबकडी तशी ताणत बसलो. तबल्याची चाट (कडेवरचा कडक बोल) बोथट झाली, सारंगी पाण्याखालून आल्यासारखी वाजायला लागली. हा सल्ला जुन्या रेकॉर्डसाठी सपशेल चुकीचा आहे. तबलजी घड्याळ लावून वाजवत नव्हता. आवर्तनागणिक, म्हणजे तालाच्या दर फेऱ्याला, लय किंचित चढते, गाण्याची जान तीच. ती सरळ करायला गेलात की हाती फक्त आवाज उरतो.

तेव्हा ताणणं बंद करा आणि आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधा. मांडीवर हाताने ताल धरून तो भाग वीस वेळा ऐका. पडद्यावर दिसणाऱ्या लहरीचं सर्वांत उंच टोक म्हणजे सम नव्हे. मी तिथेच फसलो होतो. माझ्या रेकॉर्डमध्ये तिसऱ्या मात्रेचा ‘ना’ चाटेवर कडक वाजलेला होता आणि समेचा ‘धा’ ऑर्गनच्या सुराखाली दबलेला. मी उंच टोकावर कापत होतो, लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) दोन मात्रा उशिरा सुरू होत होता, आणि बीट का लंगडतोय हे आठवडाभर कळत नव्हतं. डोळे मिटून जिथे मान आपोआप डोलते, तिथे खूण करा. मग झूम करून थाप सुरू होण्याच्या अगदी आधी, लहर शून्यरेषेला छेदते तिथे कापा आणि दोन मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज शून्यातून हळूच वर येऊ द्या. नाहीतर दर वेळी ‘टक्’ ऐकू येईल.

मग आठ मात्रांचे आठ तुकडे करा, पण शेवट कापू नका. प्रत्येक तुकड्याची शेपटी पुढच्या मात्रेत लांब जाऊ द्या. एकेक तुकडा एकेका पॅडवर (दाबून वाजवायच्या बटणावर) ठेवा आणि सगळे पॅड एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे पुढचा पॅड दाबला की आधीचा आपोआप गप्प होतो. वेग मूळ चालीपेक्षा किंचित जास्त ठेवा. आवर्तनाला ५.६ सेकंद लागत असतील तर एक मात्रा ०.७ सेकंदाची, म्हणजे मिनिटाला साधारण ८६ ठोके. तुम्ही ८८ धरा. शेपटीचे थोडे मिलिसेकंद जातील, ते कुणाला कळत नाहीत. उलट वेग कमी ठेवलात तर पुढची थाप दोनदा ऐकू येते. संथच हवं असेल तर तुकड्यांचा स्वर खाली उतरवा, लांबी आपोआप वाढेल. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) जेमतेम दहा सेकंद मावायचे, म्हणून लोक ३३ ची तबकडी ४५ वर फिरवून आवाज भरायचे आणि यंत्रात खाली आणायचे. त्या बीट्सचा खरखरीत गडदपणा त्यातूनही आला.

तुकडे हाताने वाजवा. माऊसने चौकटी भरू नका.

बेस लावताना तुकड्याला बेसच्या सुरात ओढू नका, बेसला तुकड्याच्या षड्जावर आणा. काळी दोनची पट्टी जुन्या रेकॉर्डवर क्वचितच तंतोतंत काळी दोन असते. पंधरा-वीस सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर-खाली करत कानाने जुळवा. तुकड्यातले १०० हर्ट्झखालचे आवाज कापा, म्हणजे किकला, ड्रमच्या खर्ज ठोक्याला, जागा मिळते. किकखाली मी चवथीच्या आरतीत टिपलेली घुमट या मातीच्या वाद्याची थाप घालतो. विकतच्या ड्रम किटमध्ये तो घुमार मला सापडला नाही.

गाणं प्रसिद्ध करणार असाल तर आधी हक्क बघा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. मंगेशीचे मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची ही मुदत केव्हाच संपली. पण चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा, तो संगीतकार आणि कवी यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही हिशेब करा, आणि दोन्हींपैकी एक जरी जमत नसेल तर तो तुकडा घरच्या सरावापुरताच ठेवा.