एक बॅग, दोन तपासण्या: विमान आणि रेल्वेसाठी आईची तयारी मी कशी करते

माझ्या आईच्या छातीत पेसमेकर आहे, डाव्या गुडघ्याचा सांधा धातूचा आहे आणि पर्समध्ये कायम इन्सुलिनचं पेन असतं. गेली सात वर्षं मी तिला घेऊन विमानानेही फिरते आणि रेल्वेनेही. बऱ्याचदा एकाच प्रवासात दोन्ही असतं, आधी गाडी आणि मग विमान. सुरुवातीला तपासणीची रांग दिसली की ती माझा दंड घट्ट धरायची. आता धरत नाही. मधल्या काळात जे जे शिकले ते लिहिते, कारण घरी म्हातारं किंवा आजारी माणूस असलेल्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी हे ठरवून टाका: प्रवासात एक जरी टप्पा विमानाचा असला तरी बॅग घरूनच विमानाच्या नियमाने भरायची. गाडीत चाललेली कात्री किंवा मोठी बाटली विमानतळावर अडते आणि तिथे उघड्या बॅगेपुढे बसून सामान लावायला ना जागा असते ना वेळ.

विमानाचा नियम कडक का, हे आईला समजावलं तेव्हा तिची निम्मी भीती गेली. विमान उडालं की मध्ये थांबत नाही, दार उघडत नाही, बाहेरून कुणी मदतीला चढू शकत नाही. जे काय शोधायचं ते चढण्याआधीच शोधावं लागतं. शिवाय जवळपास प्रत्येक नियमामागे एखादी घटना आहे. 1985 मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’मध्ये आणि 1988 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर कोसळलेल्या विमानात बॉम्ब होता तो सामानात, आणि ते सामान देणारा माणूस विमानात नव्हताच. म्हणून आज बॅग चढवून प्रवासी आलाच नाही, तर ती शोधून खाली उतरवतात आणि सगळे खोळंबतात. 2001 च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं लपवली, त्यानंतर बऱ्याच विमानतळांवर बूट काढायला लावू लागले. 2006 च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला, त्यातून हातातल्या बॅगेत द्रवाची कुठलीही बाटली 100 मिलिलिटरहून मोठी नको, हा नियम निघाला.

या 100 मिलिलिटरमध्ये लोक नेहमी चुकतात, आम्हीही चुकलो. आईचं त्वचेचं लोशन 200 मिलिलिटरच्या बाटलीत तळाला दोन बोटं उरलं होतं. मी म्हटलं, एवढंसं तर आहे. ती बाटली तिथेच टाकावी लागली आणि आईची पुढचे चार दिवस खाज थांबली नाही. मोजतात ती बाटलीवर छापलेली मापं, आतलं लोशन नव्हे. क्रीम, टूथपेस्ट, जेल हेही द्रवातच धरतात. सगळं एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत घालून बॅगेत अगदी वर ठेवा. काही विमानतळांवर बॅगेचं आतलं सगळ्या बाजूंनी दाखवणारे नवे सीटी स्कॅनर आल्यामुळे ही अट सैल झाली आहे, पण परतीच्या विमानतळावर ती असू शकते. मी अजूनही 100 मिलिलिटरनेच भरते.

औषधांना यातून सूट असते, मात्र ती मागावी लागते. इन्सुलिन मूळ खोक्यात, नावाच्या लेबलसकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत ठेवा. ट्रेमध्ये वेगळं काढा आणि कुणी विचारण्याआधी सांगा. मोठ्या सामानात ते कधीच टाकू नका. खालच्या कप्प्यात गोठलं तर निकामी होतं.

पॉवरबँकही हातातल्या बॅगेतच. तिच्यात किती वीज साठते ते वॉट-अवरमध्ये मोजतात. साधारणपणे 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, 100 ते 160 ला विमान कंपनीला विचारावं लागतं. वॉट-अवर छापलेले नसतील तर तिच्यावरच्या मिलिअँपिअर-अवरच्या (mAh) आकड्याला 3.7 ने गुणून हजाराने भागा. 20,000 ची पॉवरबँक 74 वॉट-अवर येते, म्हणजे चालते.

बॅग कशी रचली आहे यावरही बरंच अवलंबून असतं. एक्स-रेच्या पडद्यावर कपडे, कागद, खाणं नारिंगी दिसतं, धातू निळा, आणि किरण आरपार जाऊ न शकलेली वस्तू काळी. जाड पुस्तकावर चार्जर, त्यावर वायरींचा गुंता, असा ढीग असला की बघणाऱ्याला काहीच उलगडत नाही आणि बॅग बाजूला घेतली जाते. वस्तू आडव्या पसरून ठेवा, वायरी एका पिशवीत गुंडाळा.

आता पेसमेकर. पेसमेकरचं कार्ड हातात धरूनच पुढे जायचं आणि स्वतःहून बोलायचं. धातू शोधणाऱ्या दारातून नेहमीच्या चालीने निघून जायला हरकत नसते, फक्त तिथे टेकून उभं राहायचं नाही. तपासणाऱ्याच्या हातातलं धातू शोधणारं यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नका. हाताने तपासणी मागा. तपासणारी बाईच हवी, पडद्याआड हवी, हेही मागता येतं. आईला मागायचा संकोच वाटायचा. आता ती कार्ड दाखवून स्वतःच सांगते, ‘‘हे बघा बाळा, इथे यंत्र आहे आणि गुडघ्यात धातू आहे.’’ समोरची मुलगी लगेच हळू होते.

एकदा मात्र मीही घाबरले. तपासणीवरच्या एका मुलीने पांढऱ्या कापडाची छोटी पट्टी आईच्या तळव्यांवर फिरवली, यंत्राच्या फटीत सरकवली आणि लाल दिवा लागला. आईचा हात माझ्या हातात थरथरत होता. ते यंत्र स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधतं, आणि हाताच्या काही क्रीममध्ये असलेल्या ग्लिसरीननेही ते कधी कधी फसतं. पुन्हा तपासलं, बॅग उघडली, दहा मिनिटांत सोडलं. तेव्हापासून प्रवासाच्या सकाळी आई हाताला क्रीम लावत नाही. दिवा लागलाच तर तो गुन्हा नव्हे. वाद न घालता शांत उभं राहायचं.

रेल्वेचं चित्र निराळं. विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1974 मध्येच सुरक्षेचे नियम घालून दिले आणि जगभर तपासणी साधारण सारखी झाली. रेल्वेला असं एक सूत्र नाही. जपानच्या वेगवान शिनकान्सेन गाड्यांमध्ये माणूस तपासणीशिवाय सरळ चढतो. स्पेनमध्ये वेगवान आव्हे गाड्यांसाठी सामान एक्स-रेमधून जातं, लोकलला जात नाही. आणि 2004 मध्ये माद्रिदला बॉम्ब फुटले ते लोकल गाड्यांतच, 190 हून अधिक माणसं गेली. ब्रिटनमधून समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टारला एक्स-रे आहे, पासपोर्ट तपासणीही आहे, पण 100 मिलिलिटरची अट नाही. चीनमध्ये स्टेशनात शिरतानाच सामान यंत्रातून जातं. म्हणून तिकीट काढल्यावर दोन गोष्टी विचारून घ्या: तपासणी आहे का, आणि दार किती मिनिटं आधी बंद होतं? दुसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि गाडी डोळ्यांदेखत निघून जाते.

यंत्र नाही म्हणजे नियम नाही, असं समजू नका. पेट्रोल, गॅस, फटाके यांना गाडीत बंदी असतेच. जपानमध्येही चाकू नीट बांधलेला नसेल तर नेता येत नाही. गाडीत चाकूहल्ला झाल्यावर 2019 पासून तसा नियम केला.

रेल्वेत सगळ्यांना विमानासारखं का तपासत नाहीत, असं आई विचारते. स्टेशनला दारं अनेक, गाडी दर थांब्यावर उघडते, माणसं मिनिटामिनिटाला चढउतार करतात. प्रत्येकाला थांबवलं तर दाराबाहेर जी गर्दी साचेल, तीच असुरक्षित. 2016 मध्ये ब्रसेल्स विमानतळावर हल्ला झाला तोही तपासणीच्या अलीकडे, गर्दीने भरलेल्या दालनात. मला हे पटतं. पण त्याचा अर्थ असा की गाडीत तपासणीचं काम बरंचसं आपल्यावर येतं.

एकदा आमच्या समोरच्या बाकाखाली निळी सॅक होती. दोन स्टेशनं गेली तरी कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. मी हात लावला नाही. उभं राहून मोठ्याने विचारलं, ‘‘ही बॅग कुणाची आहे?’’ उत्तर आलं नाही. आईला पुढच्या डब्यात नेलं आणि गार्डला डब्याचा नंबर, बाकाचा नंबर, बॅगेचा रंग सांगितला. ती एका विद्यार्थ्याची निघाली. तो मित्राजवळ दुसऱ्या डब्यात बसला होता. त्याने माफी मागितली, गार्डने माझे आभार मानले. तुम्हीही हाच क्रम ठेवा: हात न लावणं, विचारणं, दूर जाणं, नेमकी जागा सांगणं. आणि आपली बॅग सोडून कुठे जाऊ नका, शेजारच्याला न सांगता तर नाहीच.

दोन्हीकडे वस्तू हरवतात त्या तपासणी संपल्यावर, ट्रे उचलायच्या घाईत. म्हणून सामान बाहेर येतं त्या सरकत्या पट्ट्याच्या तोंडाशी थांबायचं नाही. सगळं उचलून बाकावर जायचं आणि बसून मोजायचं. आई बोटांवर मोजते: पेन, कार्ड, चष्मा, फोन, पासपोर्ट. पाचही बोटं मिटली की मग आम्ही उठतो.