चिखलातून निघाल्यावर गाडी थरथरते?

जुलैत वेल्ह्याजवळ भातखाचराच्या कडेला माझी गाडी रुतली. ट्रॅक्टरने ओढून काढली, पण हायवेवर 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं.

अलाइनमेंटवर (चाकांची दिशा जुळवून घेण्यावर) लगेच पैसे घालू नका. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि रिमच्या आतल्या बाजूने हात फिरवा. माझ्या डाव्या चाकात मूठभर चिखल वाळून विटेसारखा घट्ट बसला होता. तेवढ्यानेही चाकाचा बॅलन्स जातो! पाण्याने भिजवा, लाकडी काडीने खरवडा. रिमला लावलेली बॅलन्सिंगची छोटी वजनं निखळली नाहीत ना, तेही बघा.

तरीही थरथर राहिली, तर रिम वाकलाय का ते टायरवाल्याकडून बघून घ्या. वळताना कटकट आवाज आला, तर मात्र एक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, आधी तपासा. फाटलेल्या बुटातून चिखल आत गेला की जॉइंट झिजायला वेळ लागत नाही.