ट्रेमध्ये लाटेचा वेग कसा मोजायचा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर लाटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे तिथं मोजमाप अवघड. घरी ४० × २५ सेंमीचा, सपाट तळाचा ट्रे घ्या. परात नको, गोल कडेवरून लाटा उलटून मध्यावर गोळा होतात.

ट्रेमध्ये १ लिटर पाणी ओता, म्हणजे खोली १ सेंमी. शहाबादी फरशीला बहुधा मोरीकडे उतार असतो, म्हणून दोन्ही टोकांना पट्टीनं खोली तपासा. फरक असेल तर खाली कागदाच्या घड्या सरकवा. मग एका आखूड बाजूखाली पेन्सिल ठेवा, पाणी पूर्ण शांत होऊ द्या आणि पेन्सिल झटक्यात ओढून काढा. हातानं उचलून आदळलं तर बारीक तरंगांची गर्दी होते, मुख्य लाट हरवते.

लाट एका आखूड बाजूकडून दुसरीकडे पोचली की एक फेरी. एकच फेरी मोजू नका, स्टॉपवॉच दाबण्यातली चूकच मोठी ठरते. चार फेऱ्या मोजा: १६० सेंमीला साधारण ५.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ३१ सेंमी. २ लिटर पाण्यात ३.६ सेकंद लागतील. खोली दुप्पट, पण वेग १.४ पटच, कारण उथळ पाण्यात वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हा नियम रंकाळ्याच्या मध्यावर लावू नका. खोल पाण्यात वेग लाटेच्या लांबीवर ठरतो.