गोव्यातल्या शोला बँडच्या क्रूमधून येताय? मग निघायच्या आधी एवढं करा

सीझन तोंडावर आला की पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या पोरांचे मेसेज सुरू होतात, दादा बँडच्या क्रूमधे यायचंय, काय काय घेऊन येऊ. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. मी बॅकलाइन बघतो, म्हणजे गिटार, ॲम्प, ड्रम्स, कीबोर्ड आणि त्यांच्या वायरी, त्यामुळे साउंड-लाइटवाल्यांची यादी थोडी वेगळी असेल. गोव्यात शो अडतो तो बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे, इथली ओली खारट हवा आणि रात्रीचे दहा, म्हणजे लाउडस्पीकर बंद करायची वेळ. बाकी बरंच काही म्हापशाच्या बाजारात पैसे टाकून मिळतं, या दोघांचा बंदोबस्त मात्र घरून निघायच्या आधीच करावा लागतो.

आधी स्वतःची बॅग, ती पटकन उरकू. काळे साधे टीशर्ट, पुढे मोठं चित्र नको, कारण गाणं चालू असताना स्टेजवर धावायची वेळ आली तर प्रेक्षकांचं लक्ष तुझ्याकडे जाता कामा नये. बंद बूट, शक्यतो सेफ्टी शूज, गोवा आहे म्हणून चपला घालून लोडिंगला उभा राहिलास तर क्रू चीफ परत पाठवेल आणि बरोबरच करेल, सामानाची भरलेली केस, म्हणजे पेटी, पायावर आली तर बोटांची वाट लागते. मोज्यांचे जास्तीचे जोड, हातमोजे, डोक्याला लावायची टॉर्च, ओडोमॉस, ओआरएसची पाकिटं, पातळ रेनकोट (ऑक्टोबरातसुद्धा), आधार कार्ड ओरिजिनल. विमानाने येणार असशील तर मल्टीटूल चेक-इन बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे विमानात नेऊच नको, तो ट्रकमधून येऊ दे. तिकीट काढताना दाबोळी की मोपा ते नीट बघ, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाहून विमानं सुरू झाल्यापासून यात लोक फार गोंधळतात. शो वागातोर, हणजुणे, मोरजीकडे असेल तर मोपा जवळ. रेल्वेने आलास तर तिकडच्या शोला थिवीला उतर, मडगावला उतरून परत उलटं वर यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. आणि पुण्यासारखं रात्री एक वाजता ॲपवर रिक्षा बोलावली नि निघालो असं गोव्यात धरून चालू नको, शो संपल्यावर झोपायच्या जागेपर्यंत कोण सोडणार हे आधीच विचारून ठेव. हो, आणि दिवसाचं मानधन किती, जेवणाचे वेगळे मिळणार का, प्रवासाचा दिवस धरणार का, हे व्हॉट्सॲपवर लेखी घे. त्यात लाजायचं काही नाही, ही मजुरी आहे आणि मेहनतीची आहे.

आता ट्रक. बँडचं स्वतःचंच सामान असलं, विकायचं नसलं तरी एका राज्यातून दुसऱ्यात नेताना कागद लागतात. डिलिव्हरी चलन, त्याच्या तीन प्रती, आणि मालाची किंमत ५०,००० च्या वर गेली की ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद), आणि रॉक बँडचा एक चांगला ॲम्प आणि दोन गिटार धरल्या की ती रक्कम तिथेच ओलांडते. ई-वे बिलाची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते, म्हणजे पुण्याहून गोवा साडेचारशेच्या आसपास धरलं तर तीन दिवस, मधे घाटात अडकलात तर मुदत संपत आल्याचं ड्रायव्हरच्या नाही तुझ्या लक्षात असायला हवं. चलनावर प्रत्येक नगाचा सीरियल नंबर लिही. केसवर मोठा नंबर, त्यात काय आहे आणि ती स्टेजच्या कुठल्या बाजूला जाते तेही लिही. रस्ता आंबोलीचा, चोर्ल्याचा की अनमोडचा हे आदल्या दिवशी फोन करून ठरवा, घाटात कधी दरड आलेली असते, कधी जड वाहनांना बंदी असते, आणि नकाशावरचं ॲप कंटेनर आणि कार यात फरक करत नाही. ट्रक भरताना जे आधी लागणार ते शेवटी आत जातं, म्हणून ड्रमचं कार्पेट आणि पॉवरच्या केबल अगदी दाराशी, मर्चंडाइजचे बॉक्स सगळ्यात आत.

दमट हवेसाठी जी तयारी करायची तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालव. प्रत्येक केसमधे सिलिका जेलची पिशवी टाक, आतले निळे दाणे गुलाबी झाले की बदलायची. गिटारच्या तारा इथे लवकर मरतात, समुद्राकाठी एका संध्याकाळीच हाताला खरखरीत लागायला लागतात, म्हणून प्रत्येक गिटारमागे निदान दोन सेट जास्तीचे, १०-४६ जाडीच्या वापरत असतील तर तेच, ऐनवेळी दुसऱ्या जाडीच्या तारा लावल्या तर मानेचा ताण बदलतो आणि सगळं सेटिंग हलतं. जॅक, एक्सएलआरच्या (माइकच्या केबलच्या) पिना, बॅटरीच्या पट्ट्या यावर हिरवट थर धरतो, तो कॉन्टॅक्ट क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, कापूस नको वापरू, त्याचे धागे आत राहतात, सुती कापड घे.

आणि एसीचं. हे नीट समजून घे कारण नवीन पोरांना हे कुणी सांगत नाही. गिटारिस्ट गिटार हॉटेलच्या खोलीत ठेवतो, एसी अठरावर, संध्याकाळी केस उचलून थेट किनाऱ्यावर आणतो आणि स्टेजच्या मागे उघडतो. दोन मिनिटांत त्या गिटारवर घाम धरल्यासारखं पाणी येतं, पिकअपवर, ब्रिजवर, मानेवर. थंड वस्तू दमट हवेत आली की हवेतलं पाणी तिच्यावर बसणारच. तू काही पुसत बसलास तरी आतल्या सर्किटमधलं पुसता येत नाही, लॅपटॉप, कीबोर्ड, वायरलेसचे रिसीव्हर यांचंही तेच. उपाय सोपा आहे, केस बंद ठेवून तशीच सावलीत तासभर राहू दे, बाहेरच्या तापमानाला आली की उघड, आणि ट्यूनिंग त्याच्यानंतरच. म्हणून कॉल शीटवर, म्हणजे कोण किती वाजता हजर त्या कागदावर, गिटार स्टेजवर कधी पोचायला हव्यात ती वेळ साउंडचेकच्या तासभर आधीची टाकून घे. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास, रात्री दव पडतं, उघड्यावरच्या मिक्सरवर आणि पेडलबोर्डवर अक्षरशः थेंब असतात, त्यामुळे प्रत्येक टेबलाच्या मापाचं प्लास्टिक आधीच कापून, वर मार्करने नाव लिहून, घडी करून आण. मोठी ताडपत्री मंडपवाल्याकडे मिळते पण ती मागायला जाईपर्यंत भिजायचं ते भिजून झालेलं असतं.

वीज. किनाऱ्यावर बरेचदा जनरेटरवरच काम असतं आणि गिटार ॲम्पची लाइन एकीकडून, साउंडची दुसरीकडून आली तर अर्थिंग वेगवेगळं होतं. मग गायकाने गिटारच्या तारेवर हात ठेवून माइकला ओठ लावले की झटका बसतो, आणि ओल्या हवेत, घामाघूम अंगाला तो जोरात बसतो. जीव जाऊ शकतो, उगाच घाबरवत नाहीये. म्हणून तुझ्या स्वतःच्या बॅगेत मल्टिमीटर हवाच. तो एसी व्होल्टला लावायचा, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला, सगळं चालू असताना, आकडा शून्याजवळ हवा. तसा नसेल तर गायकाला माइकजवळ जाऊ देऊ नको, इलेक्ट्रिशियनला बोलाव, आणि ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून किंवा टेप लावून गूं आवाज घालवायचा सल्ला कुणी दिला, कितीही सीनियर असला तरी, ऐकू नको. दुसरं, ॲम्प लावायच्या आधी बोर्डावर मोज, फेज आणि न्यूट्रलमधे २३० च्या आसपास. थ्री फेजमधे न्यूट्रल सुटला तर तेच ४०० कडे जाऊ शकतं आणि जोडलेलं सगळं एका क्षणात जळतं. परदेशी ॲम्प १२० व्होल्टचा असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर त्याच केसला बांधून ठेव, वर लाल टेपने १२० लिही. सॉकेटची आडवी पट्टी जमिनीवर ठेवायची नाही, विटेवर किंवा लाकडावर.

वाळूवर केसची चाकं फिरत नाहीत. आठ बाय चारचे प्लायवूडचे तक्ते ऑर्गनायझरकडून आधी मागून घ्या, रस्त्यापासून स्टेजपर्यंत अंथरायला पुरतील इतके. वागातोर-हणजुण्याकडच्या अरुंद रस्त्यांवर मोठा कंटेनर आत जाईलच असं नाही, मग माल उतरवून छोट्या टेम्पोत भरावा लागतो, तो वेळ धरलेला असू दे.

आता दहाचं. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुझा शो त्या दिवशी आहे का हे परवानगीची प्रत बघूनच मान. आजूबाजूला घरं आहेत, म्हातारी माणसं, परीक्षेची पोरं, त्यांच्या तक्रारी खऱ्या असतात, मला तरी हा नियम बरोबरच वाटतो. क्रूसाठी अर्थ एवढाच की घड्याळ उलटं मोजायचं. शेवटचा सेट ७५ मिनिटांचा आणि ९.५० ला संपवायचा तर ८.३५ ला पहिला ठोका, त्याआधी २० मिनिटांचा चेंजओव्हर (एका बँडचं सामान काढून दुसऱ्याचं लावणं), म्हणजे ८.१५ ला आधीचा बँड खाली. दुपारी जनरेटर अर्धा तास उशिरा आला तर तो अर्धा तास कुणाच्या तरी गाण्यांतून जातो. म्हणून इनपुट लिस्ट, स्टेज प्लॉट, पॅच शीट (कोण कुठे उभा, कुठलं वाद्य कुठे जोडायचं ते सांगणारे कागद) छापून आण, चार-पाच प्रती, प्लास्टिकच्या पाकिटात, फोनवर अवलंबून राहू नको, गर्दी भरली की नेटवर्क जातं. ड्रम, ॲम्प, पेडल यांच्या जागा साउंडचेकला कार्पेटवर टेपने खुणा करून ठेव, प्रत्येक बँडचा रंग वेगळा. केबलना दोन्ही टोकांना नंबर. केबल कोपरावर गुंडाळू नको, एक वळसा सरळ एक उलटा अशी घे, मग फेकली की सरळ पडते, पीळ पडत नाही. २० मिनिटांत जमतं की नाही हे याच्यावर ठरतं. साउंडवाल्यांसाठी एक, दुपारच्या चेकला समुद्राकडून खारे वारे असतात आणि रात्री जमिनीकडून मतलई, वारा फिरला की वरच्या पट्टीचा आवाज वेगळाच ऐकू येतो, तेवढी जागा मनात ठेवा.

कानांचं लोक टाळतात. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त पाव तास, आणि ड्रमच्या मागे उभं राहिलं की तेवढा आवाज सहज असतो. इअरप्लगचे दोन जोड आण, एक खिशात एक बॅगेत, आणि साउंडचेकपासूनच घाल. दुपारी बारा ते तीन उन्हात लोडिंग असेल तर पाणी मागून घे, नुसत्या थंड बाटल्यांवर जाऊ नको, ओआरएस घाल. सकाळी भाजी-पाव खाऊन निघ, रात्री गाड्यावर रस-आमलेट मिळतं, त्याने पोट भरतं. काम चालू असताना दारू नाही, रिगिंगखाली (लाइट-स्पीकर टांगलेल्या सांगाड्याखाली) उभ्या माणसाच्या डोक्यावर काय लटकतंय हे आठव. शो झाल्यावर रात्री समुद्रात उतरणं पण नाही, थकलेलं अंग असतं.

इथले लोडर, मंडपवाले, लाइनमन यांच्याशी बोलताना त्यांना बाब म्हण, काका म्हण, कोकणी येत असेल तर कोकणीतच बोल, काम झालं की देव बरें करूं म्हण. पेडणे-सत्तरीकडच्या कितीतरी माणसांनी जत्रेतल्या नाटकांना पडदे ओढलेत, पेट्रोमॅक्सच्या काळापासूनची माणसं आहेत, त्यांना क्यू, म्हणजे नेमक्या क्षणाचा इशारा, म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. दशावतारी नटाला आपल्याकडे रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा म्हणतात, आपल्या धंद्यात राजा वेगळा आणि बोजा वेगळा इतकाच फरक, पण बोजा उचलणाऱ्याची पद्धत त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे, पेटाऱ्यात कुठली वस्तू कुठे हे अंधारातही हाताला माहीत असतं.

लोड-आउटला, म्हणजे शो संपल्यावर ट्रक भरताना, सगळे दमलेले असतात आणि नेमकं तेव्हाच सामान हरवतं, त्यामुळे चलनाची तीच यादी हातात घेऊन एकेक केस ट्रकमधे चढताना टिक कर. तारा आणि ड्रमचं सगळं लोखंड कोरड्या कापडाने पुसल्याशिवाय केस बंद नाही. आणि निघायच्या आधी केसेस एकदा उघडून बघ, कुणी बाटल्या ठेवल्यात का. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी असते, आणि एका माणसाच्या चार बाटल्यांसाठी अख्ख्या बँडचं सामान रस्त्यावर अडकू शकतं, पुढचा शो दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला असला तरी. पोचल्यावर सगळ्या केसेस उघडून पंख्याखाली वाळव, फोम ओला असेल तर उन्हात टाक, जी केबल करकरत होती तिला गाठ मारून बाजूला ठेव म्हणजे पुन्हा ट्रकमधे जाणार नाही, आणि सिलिका जेल, बॅटऱ्या, टेप किती उरलंय ते त्याच दिवशी क्रू चीफला कळव.