मुलांना चाल लावायला शिकवताय? या चुका टाळा

दोन वर्षं गाणं-पेटी शिकलेल्या मुलाला “आता तू स्वतः एक चाल लाव” म्हटलं की काय होतं, हे क्लास घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मूल पेटीवर सा ते सा चढतं, उतरतं आणि आपल्या तोंडाकडे बघत बसतं. कोथरूडमध्ये मी घरीच क्लास घेते. माझ्याकडेही पहिली काही वर्षं हेच चालायचं, आणि दोष मुलांचा नव्हता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोकळीक देणं. “तुला हवं ते कर” असं आपण मोठ्या मनाने म्हणतो. पण मुलाच्या बोटांना येतात अलंकार, त्यामुळे बाहेरही अलंकारच पडतात: सारेग, रेगम, गमप. त्याऐवजी तीन स्वर द्या. सा, रे, ग, बाकीच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात प द्या, मग ध. पाच स्वर झाले की भूप राग झाला. रागाचं नाव नंतर सांगितलं तरी काही बिघडत नाही.

भूपात एक अडचण ठरलेली. मूल रमतगमत धवर जाऊन बसतं आणि आपल्या कपाळाला आठ्या पडतात, कारण तेच पाच स्वर ठेवून धला मान दिला की देसकार राग डोकावतो. भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यात मानाचा स्वर, ग; देसकाराचा ध. इथे “चुकलं” म्हणू नका. तीच ओळ एकदा गवर थांबवून आणि एकदा धवर थांबवून गाऊन दाखवा. वादीची व्याख्या परीक्षेपुरती सगळ्यांची पाठ असते. कानाला ती अशी कळते.

शब्दांच्या आधी ताल ठरवू नका

गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलीने ओळ आणली: “बाग आज बंद आहे.” सारसबागेला गेली होती, फाटकावरून परत आली. मी सवयीने तालाच्या ॲपवर केरवा लावला. आठ मात्रांत बसवायची म्हणून ती “बाऽऽग आऽऽज” असं ओढायला लागली आणि पाच मिनिटांत कंटाळली. मग मी पेटी मिटली, ॲप बंद केलं आणि म्हटलं, “आईला घरी जाऊन कसं सांगितलंस, तसं सांग.” तिने सांगितलं. दुसऱ्यांदा टाळ्या देत सांगितलं. बाऽग, आऽज, बंऽद, आऽहे. तीन-तीन! दादरा ताल तिच्या तोंडातच होता, केरवा मी वरून लादत होते.

गंमत पुढेच आहे. दादऱ्याच्या सहा मात्रांत “बाग आज” संपतं आणि “बंद” बरोबर पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतं. ओळीतली बातमीही तीच. मी एवढंच विचारलं, “बंदवर आवाज चढवायचा की उतरवायचा?” ती थोडा वेळ गुणगुणली आणि हे निघालं:

सा ऽ रे ग ऽ ग । प ऽ प ग ऽ रे

तक्रार अगदी स्पष्ट ऐकू येत होती. तेव्हापासून माझ्याकडे नियमच आहे: ओळ आधी बोलायची, मग टाळीवर बोलायची, मग स्वर. लघु अक्षर ताणून “घर”चं “घाऽर” होण्याचा प्रकारही यात आपोआप थांबतो.

ज्या मुलाला शब्दच सुचत नाहीत, त्याला अभंगाचा साचा द्या: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. मुलं बोटांवर अक्षरं मोजत बसतात. पुण्यात पालखी मुक्कामाला येते, त्यामुळे ही लय बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतेच. परवा एकाने डब्यातल्या दुधीभोपळ्यावर अभंग केला. भक्तिरस अजिबात नव्हता, वजन मात्र चोख.

पेटीवर चाल शोधू देऊ नका. पेटीवर बोटं ठरवतात, गळा मागून फरफटत येतो. आधी गाऊन घ्यायचं आणि मग तेच पेटीवर शोधायचं, हा क्रम उलटा झाला की चाल वाजते छान, गाता मात्र येत नाही.

लिहून घ्यायचीही घाई नको. स्वरलिपी लिहिता लिहिता मूल चालच विसरतं. फोनवर रेकॉर्ड करा, लिहिणं पुढच्या वेळी. आणि वही कुठल्या पद्धतीची आहे ते बघून घ्या. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं). माझा एक विद्यार्थी आजीची जुनी वही घेऊन आला आणि खर्जातली ओळ तार सप्तकात किंचाळत म्हणायला लागला. आजीची वही बरोबर होती.

“ताई, हे तर सिनेमातलं आहे!” असं बाकीची पोरं ओरडतात तेव्हा त्या मुलाला रागावू नका. आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर “चाल” म्हणून आधीच्या गाण्याचा उल्लेख सर्रास असायचा. ओळखीच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवणं हा धडाच आहे. त्यानंतर फक्त शेवट बदलायला सांगा, मग मुखडा.

अंतरा अडला तर फार डोकं खाजवू नका. पंचमावरून उठवून तार सापर्यंत न्या आणि खाली उतरताना मुखड्याला जोडा. सुरुवातीला तेवढं पुरतं.

आता माझी स्वतःची चूक. एका मुलीची चाल मी “जरा नीट” करून दिली होती. एक मींड घातली (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), तिहाई जोडली (तोच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं), समेवर सुबक आणून सोडली. स्नेहसंमेलनात टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात ती चालींची वही घेऊनच आली नाही. विचारलं तर म्हणाली, “ती तुमची आहे ना ताई.” तेव्हापासून मी एका चालीला एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर स्वतः गाऊन दाखवत नाही.

बागेच्या चालीत त्या मुलीने दिवाळीनंतर स्वतःच बदल केला. आता “बंद”वर ती पला जात नाही, सावर उतरते. मला अजूनही पच आवडतो. तिला सांगितलेलं नाही.