वाघपट्ट्यांची कोरफड कुजू नये म्हणून या चुका टाळा

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या प्रदेशातील या वीतभर उंचीच्या शोभेच्या कोरफडीला आफ्रिकान्स भाषेत 'कानीडूट', म्हणजे 'मरू न शकणारी', असे म्हणतात. कुंडीत मात्र ती सहज दगावते आणि बहुधा पाण्यानेच दगावते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तिची नोंद 'अ‍ॅलो व्हेरिएगाटा' या नावाने केली, तर आता तिला 'गोनिअ‍ॅलो' या वेगळ्या प्रजातीत ठेवले जाते. रोपवाटिकेत ती 'टायगर अ‍ॅलो' म्हणून मिळते.

पहिली चूक झारीने वरून पाणी घालण्याची. तिची जाड, पांढऱ्या पट्ट्यांची पाने तीन रांगांत एकमेकांवर घट्ट बसलेली असून प्रत्येक पान पन्हळीसारखे मधोमध दुमडलेले असते, त्यामुळे वरून पडलेला थेंब बाहेर न सांडता थेट बुडख्याकडे उतरतो आणि तिथेच साचून राहतो. माझे पहिले रोप वरून अगदी टवटवीत दिसत होते. कुंडी सरकवताना शेंड्याला हात लागला, तर अख्खा झुबका हातात आला आणि खाली उरला तो तपकिरी, आंबूस वासाचा लगदा. पाणी कुंडीच्या कडेने, खालच्या छिद्रातून वाहेपर्यंत द्यावे आणि माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा देऊ नये. खोलवर खुपसलेली लाकडी काडी कोरडी बाहेर आली, तरच माती वाळली असे समजावे.

याहून फसवी चूक निदानाची आहे. पाने सुरकुतली की रोप तहानले असे आपण गृहीत धरतो. परंतु मुळे कुजलेले रोपही पाणी शोषू न शकल्यामुळे तसेच सुरकुतते, आणि अशा वेळी घातलेले पाणी त्याला संपवते. आधी रोप बुडाशी धरून हलकेच हलवावे. ते घट्ट असेल आणि माती कोरडी असेल, तर निःशंकपणे पाणी द्यावे. ते डगमगत असेल, तर उपटून कुजका भाग स्वच्छ, टणक गर दिसेपर्यंत कापावा, जखम सावलीत आठवडाभर सुकू द्यावी आणि मगच भरड वाळूच्या कोरड्या मिश्रणात लावावे.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याची सवयही सोडलेली बरी. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडकते, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. खडी वापरायचीच असेल, तर ती मिश्रणातच कालवावी.

मूळ प्रदेशात हे रोप अनेकदा झुडपांच्या आडोशाने वाढते. त्यामुळे सावलीतून एकदम भर उन्हात ठेवल्यास पानांवर करपल्याचे डाग पडतात आणि ते पुढे भरून येत नाहीत. सर्व पानांवर सारखी चढलेली तांबूस छटा मात्र आजार नव्हे.

पान तोडून नवे रोप करण्याच्या फंदात पडू नये, कारण ते पान बहुधा कुजतेच. बुडाशी येणारी पिल्ले थोडी मोठी होऊन त्यांना स्वतःची मुळे फुटली की वेगळी करावीत. त्याच वेळी पानांच्या बेचक्यांत आणि मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात का, हेही पाहावे. तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रोपाचा रस शोषणारी कीड असते, आणि मुळांवरचा ढेकूण रोप कुंडीबाहेर काढल्याशिवाय नजरेस पडत नाही.